वेदनेचे गणित

कोपर दाराच्या चौकटीवर आपटले म्हणजे मनुष्य प्रथम काय करतो? लहान असो वा थोर, पंडित असो वा निरक्षर, तो आपटलेली जागा चोळू लागतो. आणि चोळल्याने कळ खरोखरच कमी होते. ही गोष्ट इतकी परिचयाची आहे की तिच्यात विचारण्यासारखे काही आहे असे कोणास वाटत नाही. परंतु जेथे आधीच इजा झाली आहे तेथेच आणखी दाब दिला असता दुखणे वाढण्याऐवजी कमी का व्हावे, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले, आणि ते उत्तर कसास लावण्याचे काम आज गणिताच्या व संगणकाच्या साहाय्याने चालू आहे. मज्जारज्जूतील वेदनेचे गणित हा विषय शाळेच्या वार्षिक अंकात कशास हवा, असे काही वाचक म्हणतील. आमचे उत्तर असे की, ज्या घरात म्हातारी माणसे आहेत, ज्या घरात तान्ही मुले आहेत, आणि ज्या घरात 'उगाच सोंग करू नकोस' हे वाक्य कधी ना कधी उच्चारले गेले आहे, अशा प्रत्येक घराचा हा विषय आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचा मनुष्यदेहावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६४ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक चित्र आहे. एका माणसाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक दोरी गेलेली आहे. देवळातील घंटेची दोरी खाली ओढावी आणि वर घंटा वाजावी, तद्वत् पायास चटका बसला की मेंदूत वेदना वाजते, अशी त्याची उपपत्ती होती. ती इतकी सुटसुटीत होती की पुढे सुमारे तीनशे वर्षे बहुतेक वैद्यांनी ती थोड्याफार फरकाने मान्य केली. आजही आपणा सर्वांच्या मनात वेदनेची हीच कल्पना वास करून असते. जखम मोठी तर दुखणे मोठे, जखम लहान तर दुखणे लहान, आणि जखमच नसेल तर दुखणेही नाही. शेवटच्या या वाक्यानेच पुष्कळ अनर्थ केलेला आहे.

वस्तुस्थिती या दोरीस जुमानत नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांची विचारपूस केली व १९४६ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. वेदनेवर काही औषध हवे आहे काय, असे विचारता सुमारे तीन-चतुर्थांश सैनिकांनी नको म्हणून सांगितले! हाडे मोडलेली, पोट फाटलेले, तरीही औषध नको. याच्या उलट, पाय गुडघ्यापासून कापून टाकल्यावर नसलेल्या पायाच्या अंगठ्यात असह्य कळा येतात असे सांगणारे रुग्ण शस्त्रवैद्यांना शतकानुशतके भेटत आलेले आहेत. एकीकडे दोरी ओढली जात आहे व घंटा वाजत नाही. दुसरीकडे दोरीच तुटली आहे व घंटा थांबत नाही.

१९६५ च्या नोव्हेंबरात रोनाल्ड मेल्झॅक हे कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हे ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहून असे सुचविले की, दोरी व घंटा यांच्यामध्ये एक द्वार आहे, आणि ते मज्जारज्जूत आहे. आपल्या पाठीच्या कण्यातून जाणारी ही मज्जारज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि जाडीने करंगळीएवढी. ती आडवी कापून पाहिली तर आत फुलपाखराच्या आकाराचा करडा भाग दिसतो. या फुलपाखराच्या पाठीकडील पंखांत शरीराकडून येणारे ज्ञानतंतू येऊन मिळतात. स्वीडनच्या ब्रोर रेक्सेड यांनी १९५२ साली मांजराच्या मज्जारज्जूचे बारकाईने निरीक्षण करून या करड्या भागात दहा विभाग दाखवून दिले होते. त्यांतील पाठीकडचे पहिले काही थर हे वेदनेचे जणू जकातनाके होत.

या नाक्यावर दोन प्रकारचे प्रवासी येतात. स्पर्श व दाब यांची वार्ता आणणारे जाड तंतू सेकंदास सुमारे पन्नास मीटर धावतात. जळजळ व ठणका यांची वार्ता आणणारे अत्यंत बारीक तंतू सेकंदास जेमतेम एक मीटर चालतात. या दोहोंच्या मधल्या वेगाचेही काही तंतू आहेत, ते तीक्ष्ण टोचणीची वार्ता आणतात. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंतचे अंतर एक मीटर धरा आणि भागाकार करा: स्पर्शाची वार्ता एका सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यात पोचते, ठणक्याची वार्ता पुरा एक सेकंद घेते. अंगठा उंबऱ्यास ठेचकाळला असता प्रथम ठेचेची जाणीव व तीक्ष्ण कळ, आणि मग क्षणभराने खरा ठणका, असा जो क्रम आपणांस अनुभवास येतो, त्याचे कारण या भागाकारात आहे. मेल्झॅक व वॉल यांच्या मते जाड तंतूंची वार्ता द्वार लोटते, बारीक तंतूंची वार्ता ते उघडते, आणि शिवाय मेंदूकडून खाली येणारे हुकूमही द्वारपालास मिळत असतात. कोपर चोळल्याने कळ का कमी होते, आणि रणधुमाळीतील सैनिकास जखम का जाणवत नाही, या दोहोंचे उत्तर एकाच चित्रात मिळाले. केवळ दोन वर्षांनी, १९६७ साली, अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर विजेची सौम्य स्पंदने देणारे यंत्र बसवून जाड तंतूंकडून हे द्वार लोटण्याचा पहिला प्रयोग केला. त्या यंत्राचे वंशज आज जगभर वापरात आहेत.

परंतु चित्र ते चित्रच. 'लोटते', 'उघडते' हे शब्द ऐकावयास गोड असले तरी किती लोटते, किती वेळात उघडते, दोन्ही वार्ता एकदम आल्या तर काय होते, याविषयी ते मौन पाळतात. येथे गणितास बोलवावे लागते. आणि येथेच आमच्या विद्यार्थिमित्रांशी आमचा थोडा वाद आहे. 'मला डॉक्टर व्हावयाचे आहे, मला गणित कशास?' असे आठवीनववीतील मुले मोठ्या आत्मविश्वासाने म्हणतात, आणि त्यांचे पालकही माना डोलावतात. त्यांनी हॉजकिन व हक्स्ली या दोन इंग्रज शास्त्रज्ञांची कथा अवश्य ऐकावी. एका सागरी माकुळाच्या जाड ज्ञानतंतूवर प्रयोग करून त्यांनी १९५२ साली तंतूतील विद्युत्प्रवाहाची समीकरणे मांडली. केंब्रिजचा संगणक त्या वेळी मोठ्या फेरबदलांसाठी काही महिने बंद होता. तेव्हा हक्स्ली यांनी हाताने दांडा फिरवावयाच्या गणकयंत्रावर सारा हिशेब पुरा केला. हिशेबाप्रमाणे संदेशाचा वेग सेकंदास १८.८ मीटर निघाला. प्रत्यक्ष मोजलेला वेग होता २१.२ मीटर. दोन आकडे एकमेकांच्या इतके निकट आले तेव्हा सजीव तंतूची भाषा गणितास वाचता येते याविषयी शंका उरली नाही. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मज्जारज्जूतील पेशींची जी प्रतिमाने आज संगणकावर चालविली जातात, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी हीच समीकरणे आहेत.

'प्रतिमान' हा शब्द अवघड वाटत असेल, तर पाटी-पेन्सिल घेऊन एक लहानसे प्रतिमान येथेच करून पाहू. यातील आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, ते कोणी मोजलेले नाहीत. परंतु विचाराची पद्धत खरी आहे. समजा, मज्जारज्जूतील एका पेशीस बारीक तंतूकडून एक धक्का मिळाला की तिच्यात १० अंश क्षोभ उत्पन्न होतो, आणि हा क्षोभ १६ अंशांच्या वर गेला की ती मेंदूकडे वार्ता धाडते. धक्के सावकाश येत असतील आणि दुसरा धक्का येईपर्यंत पहिल्याचा केवळ दहावा हिस्सा उरत असेल, तर क्षोभ होईल १०, मग ११, मग ११.१, कितीही धक्के दिले तरी तो बाराच्या घरातही जाणार नाही, सोळा तर दूरच. आता धक्के जलद येऊ द्या, म्हणजे दुसरा येईपर्यंत पहिल्याचा अर्धा क्षोभ शिल्लक राहील. मग हिशेब होतो १०, १५, १७½, १८¾. तिसऱ्याच धक्क्यास पेशी बोलू लागली! धक्का तोच, तंतू तोच, पेशी तीच. केवळ मधला अवकाश कमी झाला. भूमितीश्रेढी शिकताना तिचा उपयोग काय असे ज्यांनी विचारले असेल, त्यांस हा एक उपयोग सांगता येईल.

ही निव्वळ कल्पना नव्हे. लॉर्न मेंडेल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या मज्जारज्जूत हेच पाहिले: बारीक तंतूंना सेकंदास एक अशा गतीने तेच ते धक्के देत राहिले तर पेशीचे उत्तर दर खेपेस वाढत जाते. घड्याळास किल्ली देत जावे तशी पेशी ताणली जाते, म्हणून यास 'वाइंड-अप' असे नाव पडले. इंग्लंडमधील बाथ येथील ब्रिटन व स्केव्हिंग्टन यांनी १९८९ साली मेल्झॅक-वॉल यांचे द्वार समीकरणांत बसवून दाखविले, आणि १९९६ साली सहकाऱ्यासह या वाढत्या उत्तराचेही गणित मांडले.

आता आमच्या पाटीवरील प्रतिमानाचा दोष पाहा, कारण आमच्या मते प्रतिमानाची खरी किंमत ते कोठे फसते यावरून ठरते. धक्के थांबविले तर २० चे १०, १० चे ५, ५ चे २½ असे होत क्षोभ हा हा म्हणता विरून जातो. मग जखम भरून वर्ष झाले तरी दुखणे का राहते? नागीण होऊन गेलेल्या वृद्धास अंगावरील सदऱ्याचा स्पर्शही का सोसवत नाही? आमच्या श्रेढीत याचे उत्तर नाही, आणि कितीही अंश वाढविले तरी येणार नाही. म्हणजे आकड्यांत नव्हे, रचनेतच काही बदलले असले पाहिजे.

काय बदलते, याचा एक धागा २००३ साली कॅनडातील शास्त्रज्ञांना सापडला. मज्जारज्जूत आवर घालणाऱ्या पेशी असतात, त्याच आपल्या कथेतील द्वारपाल. त्यांचे काम नीट चालावे यासाठी ज्या पेशीस आवरावयाचे तिच्या आत क्लोराइडचे प्रमाण कमी असावे लागते, आणि ते कमी ठेवणारे एक प्रथिन पेशीच्या आवरणात असते. ज्ञानतंतूस इजा झालेल्या उंदरांत हे प्रथिन घटलेले आढळले. क्लोराइड आत साचले, आणि द्वारपालाचा हात ढिला पडला. काही पेशींत तर तो दार लोटण्याऐवजी उघडू लागला. २००६ साली प्रेस्कॉट, सेजनोव्स्की व डी कोनिंक यांनी संगणकावरील प्रतिमानात हा बदल घालून पाहिले, तेव्हा क्लोराइडचा तोल थोडासा ढळला तरी पेशीच्या संदेशांवरील आवर कसा सुटत जातो हे दिसून आले. पाटीवर पुन्हा एकदा पाहू. साध्या स्पर्शाने १२ अंश क्षोभ होतो व द्वारपाल त्यातील १० काढून घेतो असे धरा; उरले २, आणि भराभर स्पर्श झाले तरी बेरीज चाराच्या पुढे जात नाही. द्वारपाल दुबळा होऊन केवळ २ च काढू लागला, तर दर स्पर्शास उरतात १०. म्हणजे तंतोतंत मघाच्या धक्क्याइतके. तिसऱ्या स्पर्शास पेशी वेदनेची वार्ता धाडते. चादर लागली एवढेच. पण मेंदूस कळते ते चटका बसला असे. जखम कोठे आहे? कोठेच नाही. खोटे कोण बोलत आहे? कोणीही नाही.

या एका निष्कर्षासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला. आपल्या समाजात सोसण्यास मोठा मान आहे, आणि तो काही अंशी योग्यही आहे. परंतु या मानाची दुसरी बाजू अशी की, जो सोसत नाही तो आपणांस कामचुकार वाटतो. क्ष-किरणांच्या चित्रात हाड शाबूत दिसले, रक्ताच्या तपासणीत काही निघाले नाही, की घरातील सुनेची कंबर, आजोबांचे पाय, वर्गातील एखाद्या मुलीचे वारंवार दुखणारे डोके या साऱ्यांवर आपण 'मनाचे खेळ' असा शिक्का मारून मोकळे होतो. हा शिक्का मारताना आपण नकळत देकार्तच्या दोरीवर भिस्त ठेवीत असतो. सोंग करणारे जगात कोणीच नाही असे आम्ही म्हणत नाही. शाळेत राहून तसे म्हणण्याचे धाडस कोण करील? परंतु जखम नाही म्हणून दुखणे नाही, हा पुरावा मात्र बाद झाला आहे.

या बाबतीत डॉक्टरही चुकत नाहीत असे नाही, आणि त्यांची एक चूक सुधारण्यात आपल्या इंदूरच्या एका विद्यार्थ्याचा मोठा वाटा आहे, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक देशांत नवजात अर्भकांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकांवर, पुरेशी वेदनाशामके न देता शस्त्रक्रिया केल्या जात. त्यांचे ज्ञानतंतू अपक्व, तंतूंवरील स्निग्ध आवरण अपुरे, सबब त्यांना वेदना होत नाही, असा समज होता. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की, अशा बालकांना शस्त्रक्रियेच्या वेळी प्रभावी वेदनाशामक दिले तर शरीराची आघातप्रतिक्रिया पुष्कळच कमी होते व पुढील उपद्रवही घटतात. आवरणाविषयीच्या जुन्या युक्तिवादास त्याच वर्षी त्यांनी दिलेले उत्तर तर आमच्या मघाच्या भागाकाराचेच आहे: आवरण नसले तर वेग कमी होईल, वार्ता नाहीशी होणार नाही, शिवाय बाळाच्या देहात अंतरही थोडेच. आणि ठणक्याचे तंतू प्रौढांतही बिनआवरणाचेच असतात! हा भागाकार आधी कोणी केला असता, तर किती बालकांचे हाल वाचले असते.

तर मग, एवढे गणित साधले आहे, उद्या एखादे यंत्रच सांगेल की कोणास किती दुखते, अशी अपेक्षा काही उत्साही मंडळी व्यक्त करतात. आम्हांस ती अपेक्षा धोक्याची वाटते. प्रतिमान सांगते ते पेशीविषयी. दुखते ते माणसास. मेल्झॅक-वॉल यांचे मूळ चित्रही तपशिलात जागोजागी चुकीचे ठरले, आणि स्वतः वॉल यांनी १९७८ साली त्याची फेरमांडणी केली. जी गोष्ट दर काही वर्षांनी सुधारावी लागते, तिच्या आधाराने एखाद्या रुग्णास 'तुला दुखतच नाही' असे ठणकावून सांगणे हा उद्धटपणा होईल. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना दोन गोष्टी स्पष्ट नोंदविल्या आहेत: वेदना होते असे जो सांगतो त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, आणि ज्यास सांगता येत नाही त्यास वेदना होतच नसेल असे मानू नये. पहिली आपल्या आजीसाठी, दुसरी पाळण्यातील बाळासाठी. आणि प्रयोगशाळेतील ज्या मूक प्राण्यांच्या देहांवर हे सारे ज्ञान उभे आहे, त्यांसही दुसरी गोष्ट लागू आहे, कारण संस्थेने तीत मनुष्येतर प्राण्यांचाही समावेश केला आहे.

मेल्झॅक यांनी स्वतः यंत्राच्या मागे न लागता शब्दांचा मार्ग धरला. १९७५ साली त्यांनी तयार केलेल्या प्रश्नावलीत दुखण्याचे वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडले आहेत. रुग्ण त्यांतून आपले शब्द निवडतो आणि डॉक्टरास त्यावरून बरेच काही उमगते. आपल्या मराठीस या बाबतीत कोणाकडून उसने घेण्याची गरज नाही. कळ, ठणका, सणक, चमक, उसण, शूळ, रग, सल, ठसठस, चुरचुर, जळजळ, आग, मुंग्या: यांतील प्रत्येक शब्द निराळ्या दुखण्याचा आहे, आणि आपल्या आज्या ते अचूक वापरतात. दुर्दैवाने, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणां मराठी कुटुंबांत ते दवाखान्याच्या दारापर्यंत पोचतात आणि तेथेच गळून पडतात. आजी सांगते एक, बरोबर गेलेला नातू डॉक्टरांना हिंदीत सांगतो, 'पैर में दर्द है', आणि संपले. आजी 'सणक येते' म्हणाली की 'रग लागते' म्हणाली, 'रात्री चादर सोसत नाही' म्हणाली की 'चालल्यावर ठणकते' म्हणाली, यावर ज्ञानतंतू बिघडला की सांधा, याचा अदमास पुष्कळदा अवलंबून असतो. म्हणून आजीबरोबर दवाखान्यात जाणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनी तिचे शब्द आधी घरीच कागदावर टिपून घ्यावेत, प्रत्येकाचा अर्थ तिलाच विचारावा, आणि डॉक्टरांपुढे तो कागद घेऊन सावकाश, एकेक शब्द फोड करून सांगावा. डॉक्टर घाईत असले तरी.